भुईमुगाच्या वाणांची पारख : एका मोजमापाचा इतिहास

भाईंदरच्या खाडीकाठी राहून भुईमुगाविषयी लिहावयास घेणे कित्येकांस विचित्र वाटेल. राई, मुर्धा, मोर्वा, खारी, नवघर ही गावे मिठागरांची आणि खारवट भातखाचरांची. उत्तन-डोंगरीच्या बाजूस काही वरकस जमीन आणि भाजीपाल्याच्या वाड्या. भुईमूग हे या परिसराचे पीक म्हणून कधी ओळखले गेले नाही. याचे कारण शेतकऱ्याच्या अनास्थेत नाही, वनस्पतीच्या स्वभावात आहे. भुईमुगाचे फूल जमिनीवर उमलते, पण फळ जमिनीखाली धरते. फलधारणेनंतर फुलाच्या तळाशी आरी फुटते, ती वाकून मातीत शिरते आणि तिच्या टोकाशी शेंग पोसते. या पोसणाऱ्या शेंगेस लागणारा चुना मुळांकडून फारसा मिळत नाही. तो तिला भोवतालच्या मातीतून स्वतःच शोषून घ्यावा लागतो. मातीत चुन्याऐवजी क्षार माजला असेल तर वेल हिरवागार दिसतो आणि शेंगा पोचट निघतात. त्यात खाजणाची चिकण माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि सुकली की दगडासारखी आवळते. मग आरी आत शिरत नाही आणि शिरलेल्या आरीची शेंग काढणीच्या वेळी वर येत नाही. भाईंदरच्या शेतकऱ्याने भात व मीठ पत्करले, यात त्याची चूक काढण्यास जागा नाही.

परंतु याच साष्टी बेटाच्या उत्तर टोकावरून दृष्टी आग्नेय टोकाकडे वळविली, की चित्र बदलते. तिकडे तुर्भे आहे, ज्यास आता सर्वजण ट्रॉम्बे म्हणतात. सन १९५४ मध्ये तेथे अणुशक्ती संशोधनाची संस्था उभी राहिली, आणि पुढे सन १९६७ मध्ये तिला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस याच संस्थेत ‘स्पॅनिश इंप्रूव्ह्ड’ नावाच्या भुईमुगाच्या बियांवर क्ष-किरणांचा मारा करून नवे वाण काढण्याचा उद्योग सुरू झाला. ज्या बेटावर भुईमूग सांगण्याजोगा पिकत नव्हता, त्याच बेटावर जन्मलेले वाण पुढे विदर्भ, मराठवाडा आणि देशावर पेरले गेले. प्रस्तुत लेखात या वाणांचा गौरव करण्याचा हेतू नाही. एक वाण दुसऱ्याहून सरस आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय मोजलेले असते, कोणासाठी मोजलेले असते, आणि हे मोजमाप कसकसे बदलत गेले, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. कृषिशास्त्रज्ञाला तो इतिहासाचा वाटतो आणि इतिहासकाराला शेतीचा.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तमिळ भाषेत त्यास असलेले ‘मणिलाकोट्टै’ हे नाव फिलिपाइन्सच्या वाटेकडे बोट दाखविते. मराठीने मात्र त्याचे परकेपण पुसून त्यास जमिनीतला मूग ठरविले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण हिंदुस्थानातून आणि मुंबई इलाख्यातून भुईमूग परदेशी जाऊ लागला तो प्रामुख्याने फ्रान्समधील मार्सेय येथील तेलाच्या गिरण्यांसाठी. या गिऱ्हाइकास दाण्याच्या रूपाशी अगर चवीशी कर्तव्य नव्हते. त्यास तेल हवे होते आणि त्या तेलाचा उपयोग बव्हंशी साबणासारख्या कामी होणार होता. शतकाच्या शेवटच्या दशकात या पिकास उतरती कळा लागली. पानांवर ठिपके पाडणारा टिक्का रोग, वर्षानुवर्षे तेच बी पेरल्याने आलेला निकसपणा आणि दुष्काळ या सर्वांचा त्यात वाटा होता. मग शेतकी खात्याने बाहेरचे बी आणून सरकारी शेतांवर त्याची देशी वाणाशी तुलना आरंभिली. ‘स्पॅनिश पीनट’, ‘स्मॉल जपान’, ‘बिग जपान’, ‘व्हर्जिनिया’ ही नावे त्या काळच्या कागदपत्रांतून वारंवार भेटतात.

या तुलनेत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. देशी वाण बहुधा पसऱ्या होता. त्याच्या फांद्या जमिनीवर लोळतात, आऱ्या दूरवर रुजतात, पीक तयार व्हावयास चार-साडेचार महिने लागतात. स्पॅनिश जातीचा वाण उपट्या असून त्याचे झाड उभे वाढते, शेंगा बुंध्याशी झुपक्याने लागतात आणि साधारणतः शंभर-एकशेदहा दिवसांत पीक हाती येते. पसऱ्या वाण खणून काढावा लागतो. उपट्या वाण, नाव सांगते त्याप्रमाणे, ओल असताना हाताने उपटता येतो. तेव्हा एकरी शेंगांचे वजन सारखे भरले तरी दोन्हींचा खर्च सारखा भरत नाही. सरकारी शेतावर मजुरी सरकारी तिजोरीतून जात असे. शेतकऱ्याच्या शेतावर ती त्याच्या घरच्या बायामाणसांच्या कंबरेतून जात असे. उपट्या वाण पसरला त्यात रोगप्रतिकार आणि उत्पन्न यांच्याइतकाच या सोयीचा हात होता, असे आमचे मत आहे.

त्या काळच्या प्रयोगांची दुसरी उणीव अधिक मूलगामी होती. एका मोठ्या तुकड्यात एक वाण, शेजारच्या तुकड्यात दुसरा, आणि अखेरीस दोन्हींचे वजन, अशी साधी रीत होती. परंतु जमीन एकसारखी कोठेच नसते. बांधाकडचा भाग खोल मातीचा, मधला मुरमाड, एका कोपऱ्यात गेल्या साली शेणखताचा ढीग पडलेला. अशा स्थितीत जो फरक दिसला तो वाणाचा की मातीचा, हे सांगण्याचे साधनच नव्हते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात या अडचणीवर जो तोडगा काढला तो आज पदव्युत्तर विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकविला जातो, आणि म्हणूनच त्यातील धाडस त्याच्या ध्यानात येत नाही. शेताचे लहान लहान वाफे करावयाचे, प्रत्येक वाण अनेकदा पेरावयाचा आणि कोणता वाण कोणत्या वाफ्यात जावा हे प्रयोगकर्त्याने न ठरविता चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे. जाणत्या माणसाने आपले जाणतेपण बाजूस ठेवून निवड दैवावर सोपवावी, तरच निकाल विश्वासार्ह होतो, असा हा विचार आहे. आमच्याकडील जुन्या शेतकी अधिकाऱ्यांस तो पचविणे जड गेले असेल तर नवल नाही.

हा विचार हिंदुस्थानच्या शेतात रुजविण्याच्या कामी दोन मराठी नावे अग्रभागी आहेत. सातारा जिल्ह्यातील बुध येथे सन १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या वनस्पति-उद्योग संस्थेत कापसावर काम केलेले वि. गो. पानसे. या दोघांनी मिळून शेतकी संशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने सन १९५४ मध्ये प्रसिद्ध केला आणि देशभरच्या कृषि महाविद्यालयांत तो पिढ्यान्‌पिढ्या हाताळला गेला. सुखात्मे यांनी पीक-कापणीच्या पाहणीतही यदृच्छ नमुना निवडण्याची पद्धत आणली. आणेवारीच्या अंदाजांवर विसंबणाऱ्या महसुली व्यवस्थेस हा मोठाच धक्का होता.

तथापि भुईमुगाच्या बाबतीत पद्धत निर्दोष असूनही आकडे फसवे निघू शकतात. भाताची लोंबी डोळ्यांसमोर असते. भुईमुगाचे उत्पन्न जमिनीत दडलेले असते. काढणीच्या दिवशी जमीन किती ओली आहे यावर किती शेंगा तुटून मातीत राहतील हे ठरते. सर्व वाण एकाच दिवशी उपटले तर जो वाण अगोदर पिकला त्याच्या आऱ्या कुजून शेंगा गळतात आणि जो मागाहून पिकणार त्याच्या शेंगा कोवळ्या राहतात. प्रत्येक वाण त्याच्या दिवशी उपटला तर मध्येच पडलेला पाऊस एकास लाभतो, दुसऱ्यास बाधतो. ओल्या शेंगांचे वजन आणि उन्हात आठवडाभर वाळविलेल्या शेंगांचे वजन यांत मोठी तफावत पडते. शिवाय वाफ्यातील किती झाडे जगली याची गणती न ठेवता केलेली तुलना म्हणजे बियाण्याच्या उगवणशक्तीची तुलना, वाणाची नव्हे. ज्यांनी एकदा तरी तपकिरी मातीत बसून मागे राहिलेल्या शेंगा वेचल्या आहेत त्यांस हे वेगळे सांगावयास नको.

मोजावयाचे काय, हा प्रश्न तर याहूनही अवघड आहे. समजा, एका वाणाने हेक्टरी २००० किलो वाळलेल्या शेंगा दिल्या, त्याचा दाण्याचा उतारा शेकडा ६८ आणि दाण्यातील तेल शेकडा ४८. दुसऱ्याने १८०० किलोच शेंगा दिल्या, पण त्याचे टरफल पातळ, उतारा शेकडा ७६ व तेल शेकडा ५०. शेंगांच्या वजनावर पहिला वाण दोनशे किलोंनी पुढे आहे. दाणे काढून पाहिले तर पहिल्याचे १३६० आणि दुसऱ्याचे १३६८ किलो भरतात, म्हणजे फरक मिटला. तेल काढले तर पहिल्याचे सुमारे ६५३ आणि दुसऱ्याचे ६८४ किलो. आता दुसरा पुढे. एकाच प्रयोगातील त्याच दोन वाणांचा क्रम शेंग विकणारा, दाणे विकणारा आणि घाणेवाला या तिघांच्या दृष्टीने वेगवेगळा लागतो. शेतकरी बाजारात बहुधा शेंगच विकतो. मग उत्तम तेलाचा वाण त्याने का पेरावा, याचे उत्तर प्रयोगवहीत सापडत नाही, अडतीच्या दुकानात सापडते.

सन १९६७ मध्ये तेलबियांचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि एकाच वाणाची अनेक राज्यांत एकाच पद्धतीने चाचणी होऊ लागली. नव्या वाणाशेजारी एक प्रस्थापित वाण तुल्यवाण म्हणून पेरावयाचा आणि त्याहून किती सरस ठरतो ते पाहावयाचे, ही रीत रूढ झाली. महाराष्ट्रात तत्पूर्वी कऱ्हाड ४-११, कोपरगाव ३, फैजपूर १-५, अकोल्याचा ए. के. १२-२४ असे निवड पद्धतीने काढलेले वाण होते. जळगावच्या संशोधन केंद्राचा एस. बी. ११ हा उपट्या वाण सन १९६५ चा. तो अनेक दशके टिकला. त्याच जळगावातून सन १९७८-७९ च्या सुमारास जे. एल. २४ ऊर्फ फुले प्रगती आला. परदेशातून आलेल्या बियाण्यातून निवडलेला हा वाण नव्वद ते शंभर दिवसांत तयार होतो. सप्टेंबरात पाऊस दगा देतो त्या वर्षी दहा दिवसांची ही बचत म्हणजे पीक आणि चारा यांतील फरक असतो. पाऊसपाणी उत्तम असलेल्या प्रयोगक्षेत्रावर हा गुण दिसतच नाही. किंबहुना अशा शेतावर उशिरा पिकणारा वाणच वरचढ ठरतो. हाच वाण पुढे आफ्रिकेत पोहोचला, मलावीत ‘काकोमा’ आणि झांबियात ‘लुएना’ या नावांनी. कोरडवाहू जमीन आणि बेभरवशाचा पाऊस जळगावात होता तसाच तेथेही होता, आणि वाणाने दोन्हीकडे तेच काम केले.

आता ट्रॉम्बेकडे वळू. क्ष-किरणांच्या माऱ्यातून जे फेरबदल झाले त्यांपैकी बहुतेक निरुपयोगी असतात. लाखात काही टिकतात. त्या मोजक्यांत मोठ्या दाण्याचे झाड मिळाले. त्यातून टी. जी. १ ऊर्फ विक्रम हा वाण सन १९७३ मध्ये प्रसृत झाला. या कार्यात डॉ. एस. एच. पाटील यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. पुढे अशा फेरबदल-वाणांचे आपसांत संकर करून सन १९९१ मध्ये टी. ए. जी. २४ आला. बुटके झाड, गर्द हिरवी पाने आणि झाडाच्या एकंदर वजनात शेंगांचा अधिक वाटा ही त्याची लक्षणे. येथे मोजमाप पुन्हा एकदा बदललेले दिसते. झाडाने किती अन्न तयार केले यापेक्षा तयार झालेल्या अन्नाची वाटणी त्याने कशी केली, याकडे आता पाहिले जाऊ लागले. उन्हाळी बागायती भुईमुगात या वाणाने असे नाव कमावले की पुढील चाचण्यांत तोच तुल्यवाण झाला.

या नावांतील अक्षरे इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचण्याजोगी आहेत. टी. ए. जी. म्हणजे ट्रॉम्बे-अकोला भुईमूग, टी. के. जी. म्हणजे ट्रॉम्बे-कोकण आणि टी. एल. जी. म्हणजे ट्रॉम्बे-लातूर. वाण निर्माण करणाऱ्या संस्थेइतकेच श्रेय ज्या भूमीवर त्याची परीक्षा झाली तिला या नावांत दिलेले आहे. अकोल्याचे पंजाबराव देशमुख, दापोलीचे कोकण आणि परभणीचे मराठवाडा ही कृषि विद्यापीठे त्या अक्षरांमागे उभी आहेत. सन १९९५ च्या टी. जी. २६ या वाणाचा एक गुण कोष्टकात सहसा न मावणारा आहे. त्याचे बी काढणीनंतर सुमारे तीन आठवडे सुप्त राहते. साध्या उपट्या वाणाचे दाणे पिकल्यावर पाऊस लागला तर शेंगेतच कोंब धरतात. उन्हाळी पीक मृगाच्या तोंडावर काढणाऱ्यास ही आपत्ती चांगलीच ठाऊक असते. ज्या वर्षी काढणीस पाऊस आला नाही त्या वर्षीच्या प्रयोगात या गुणास शून्य गुण मिळतात.

मोठ्या दाण्याचा प्रश्न मात्र नीट तपासला पाहिजे. निर्यातीच्या आणि खाऊच्या बाजारात हाताने निवडलेल्या दाण्यांचा भाव एका औंसात किती दाणे बसतात यावर ठरत आला आहे. चाळीस ते पन्नास बसले तर माल चढा, सत्तर-ऐंशी बसले तर उतरता. त्यामुळे टपोऱ्या दाण्याचा वाण अधिक ‘गुणवत्तेचा’ मानला जातो. पण हाच टपोरा दाणा शेतकऱ्यास पेरावाही लागतो. तीस बाय दहा सेंटिमीटर अंतराने हेक्टरी सुमारे ३,३३,००० दाणे लागतात. शंभर दाण्यांचे वजन ३५ ग्रॅम असेल तर बियाणे सुमारे ११७ किलो होते. तेच वजन ६५ ग्रॅम असेल तर सुमारे २१७ किलो. म्हणजे पेरणीपूर्वीच शंभर किलो दाणे अधिक मातीत गेले. उत्पन्नाच्या रकान्यातून हे शंभर किलो कोणी वजा केल्याचे क्वचितच आढळते.

वाण पसरण्याची गतीही याच हिशेबात अडकलेली आहे. एका हेक्टरातून पंधराशे किलो शेंगा निघाल्या आणि पुढील हेक्टरास पावणेदोनशे किलो शेंगांचे दाणे लागले, तर बी एका हंगामात जेमतेम साडेआठ पट वाढते. भाताची लावणी हेक्टरी चाळीस किलो बियाण्यावर होते आणि उत्पन्न तीन हजार किलो धरले तरी वाढ पंचाहत्तर पट होते. त्यात भुईमुगाचा दाणा दमट हवेत लवकर खवट होतो व उगवणशक्ती गमावतो. प्रसिद्धी आणि प्रसार यांत भुईमुगाच्या बाबतीत जी दीर्घ वर्षे जातात त्यांचा दोष शेतकऱ्याच्या जुनाटपणावर टाकण्याची सवय आपल्या लेखकांस आहे. तो दोष बव्हंशी अंकगणिताचा आहे.

गुणवत्तेच्या कल्पनेत सन १९६० नंतर आणखी एक वळण आले. त्या वर्षी इंग्लंडात सुमारे एक लक्ष टर्की पक्षी एका अज्ञात रोगाने मेले आणि शोध घेता कारण निघाले ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड. तिच्यावर वाढलेल्या बुरशीचे विष पुढे अफ्लाटॉक्सिन या नावाने ओळखले गेले. तोवर दाणा भरदार आणि तेलकट असला की पुरे होते; यापुढे तो निर्विषही असावा लागला. ही परीक्षा शेतात संपत नाही, कारण शेवटच्या दिवसांत पडलेला ताण, फुटलेली शेंग, ओलसर पोते आणि कोंदट वखार या सर्वांचा त्यात वाटा असतो. अगदी अलीकडे तेलाच्या घटकांकडे लक्ष गेले आहे. ओलेइक आम्ल अधिक असले की दाणे आणि तेल अधिक काळ टिकतात. सन २०२० मध्ये राष्ट्रास अर्पण झालेल्या गिरनार ४ व गिरनार ५ या वाणांत ते शेकडा ऐंशीच्या घरात आहे. मार्सेयच्या साबणवाल्यापासून आजच्या खारे दाणे पाकिटात भरणाऱ्या कारखानदारापर्यंत गिऱ्हाईक बदलले आणि त्याबरोबर ‘चांगला भुईमूग’ या शब्दांचा अर्थही बदलत गेला.

एवढी प्रगती होऊन महाराष्ट्रातील भुईमुगाचे क्षेत्र मात्र आक्रसत गेले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत सोयाबीनने त्याची जागा घेतली. प्रयोगक्षेत्रावर भुईमुगाची तुलना नेहमी भुईमुगाशीच होत होती; शेतकरी मात्र बांधावर बसून भुईमुगाची तुलना सोयाबीनशी करीत होता. सोयाबीनला बियाणे कमी, ते कापून मळणीयंत्रात घालता येते, उपटणे नाही आणि एकेक शेंग तोडणे नाही. सरस वाण निवडणाऱ्या कोणत्याही चाचणीत ही स्पर्धा मांडलेली नव्हती. म्हणून चाचण्या चुकल्या असे म्हणता येणार नाही. त्यांस जे विचारले त्याचे उत्तर त्यांनी चोख दिले.

कोकणापुरते पाहिले तर भाताच्या काढणीनंतर पाण्याची सोय असलेल्या खाचरांत रब्बी-उन्हाळी भुईमूग घेता येतो. दापोलीच्या सहकार्याने निघालेला टी. के. जी. १९-अ हा मोठ्या दाण्याचा वाण सन १९९४ चा आहे आणि तो याच रीतीच्या शेतीस जुळणारा आहे. गोड्या पाण्याची विहीर आणि निचऱ्याची जमीन ही मात्र अट आहे. मीरा-भाईंदरच्या खारवट पट्ट्यात ती अट निसर्गाने पुरी केली नव्हती. सन १९८५ मध्ये येथे नगरपरिषद आणि सन २००२ मध्ये महानगरपालिका आली, आणि ज्या खाचरांत असा प्रयोग करून पाहता आला असता त्यांपैकी पुष्कळांवर आता चाळी आणि इमारती आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणास या विषयात पुढे जावयाचे असेल तर त्याने जुन्या शेतकी खात्याचे वार्षिक अहवाल घेऊन बसावे, आणि कोष्टकातील शेंगांच्या वजनाकडे पाहण्यापूर्वी बियाण्याचा, मजुरीचा आणि काढणीच्या दिवसाचा रकाना तेथे आहे की नाही ते प्रथम पाहावे.